कोऱ्या नळीतला रंग

शनिवार, ६ एप्रिल २०१३
नळाला पाणी नाही, आज अकरावा दिवस. टँकर सकाळी साडेनऊला आला. दोन हंडे व एक बादली मिळाली. वर्तमानपत्रात कालचे तापमान ४१. समोरच्यांनी गाय पालीच्या छावणीत नेली. दुपारी तीन तास वीज नव्हती. भाजी गवारीची. अंजना सात वाजून पाच मिनिटांनी आली. जेवली नाही. कारण विचारले नाही.

एवढे लिहून वत्सलाबाईंनी पेनाला टोपण लावले तेव्हा अंजना त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसली होती. तिच्यापुढेही वही होती. रोज या वेळी दोघी समोरासमोर बसून आपापला दिवस लिहीत. आज अंजना लिहीत नव्हती, मागची पाने उलटत होती. बावीस मार्चच्या पानावर तिचे बोट थांबले. तिथे तिच्याच अक्षरात होते: ‘टँकर आला नाही. डिस्टिल्ड पाणी जपून वापरले. चाळीस नळ्या एका घमेल्यात धुतल्या. सर म्हणाले, शाब्बास.’

ती ओळ लिहिताना किती बरे वाटले होते, तेही तिला आठवले.

अंजना पालीची, धनगराघरची. तिचा बाप सिदू दिवाळी झाली की मेंढरे घेऊन कालव्याच्या मुलखात उतरायचा आणि मिरगाला परत यायचा. आई ताराबाई त्याच्याबरोबर चालायची. पोरीची शाळा बुडू नये म्हणून तिला चुलत्याकडे ठेवले होते. चुलता धुळाजी गाव सोडत नसे. दोन गाई आणि वीसेक मेंढरे यांवर त्याचे भागे, कारण बिंदुसरेच्या धरणाकाठी उन्हाळ्यातही हिरवे काहीतरी सापडायचे. चुलती साखराबाई हीच अंजनाची शाळेच्या दिवसांतली आई. डब्यात भाकरी बांधून देणारीही तीच आणि मास्तरांनी बोलावले की पदर खोचून शाळेत जाणारीही तीच.

अंजना चौथीत असताना धुळाजीची मेंढरे पटापट मरू लागली. दहा गेली. तेव्हा बीडहून पशुवैद्यकीय खात्याचा एक माणूस आला. त्याने अकराव्या मेंढीच्या कानातून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घेतला, पट्टी हवेत हलवून वाळवली आणि लाकडी पेटीत ठेवून निघून गेला. आठ दिवसांनी कागद आला, त्यावर रोगाचे नाव होते. मग औषध आले आणि उरलेली मेंढरे वाचली. तो माणूस पुन्हा कधी पालीत दिसला नाही. त्याचे नावही कुणाला माहीत नव्हते. पण पेटीत नेलेल्या त्या पट्टीकडे दूर कुठेतरी कुणी डोळा लावून पाहिले असणार, हे त्या पोरीच्या मनात घर करून राहिले.

बारावीनंतर तिने औरंगाबादला विद्यापीठात बायोमेडिकल सायन्सला प्रवेश घेतला. निघायच्या दिवशी साखराबाईने विचारले, "डाक्टर व्हनार का गं?"

"न्हाई काकी."

"मग नर्स?"

"न्हाई. रक्त तपासनार."

"म्हंजी डाक्टरच्या मागं उभं ऱ्हायाचं."

"मागं न्हाई, आदी. आमी डाक्टरला सांगनार, मग डाक्टर तुमाला सांगनार."

साखराबाई हसली. "मग खोटं सांगू नको, म्हंजी झालं."

विद्यापीठात अंजनाला अभ्यास जड गेला नाही. शरीराची रचना, रक्तातल्या पेशी, जंतू, रसायने हे सगळे ती पाठ न करता समजून घेई. जड गेला तो प्रयोगशाळेतला नळ. काचेची नळी धुवायची तर तीनदा वाहत्या नळाखाली आणि मग तीनदा डिस्टिल्ड पाण्याने, असा तिथला नियम होता. वापरलेले पाणी दर वेळी फेकून द्यायचे. अंजना एक नळी धुतली की नळ बंद करी, दुसरी उचलली की पुन्हा उघडी. तिथला शिपाई तिला चिडवायचा, "ए पाली, सोड की नळ. तुझ्या गावचं धरण न्हाई आटत इथं."

त्यात तिचा दोष नव्हता. ताराबाईने तिला सहाव्या वर्षी भांडी घासायला शिकवले, ते तीन घमेल्यांत. राखेने घासलेले भांडे पहिल्या घमेल्यात बुडवायचे, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. पहिले गढूळ झाले की ते जनावरांना. मग दुसरे घमेले पहिल्याच्या जागी यायचे, तिसरे दुसऱ्याच्या, आणि शेवटी तांब्याभर नवे पाणी. एका बादलीत दोन वेळची भांडी निघत. जिच्या हातून पाणी सांडे, तिला पालीतल्या बाया नावाने हाक मारीत नसत. ‘ए धरणाची मालकीण’ म्हणत.

शेवटच्या सहामाहीत प्रत्येक विद्यार्थ्याला एखाद्या प्रयोगशाळेत राहून स्वतःचे काम करावे लागे. अंजनाने बीड मागून घेतले. तिथे एक छोटे सहकारी रुग्णालय होते, ऊस आणि दूध भरात होते त्या काळात गावोगावच्या सभासदांनी उभे केलेले. त्याच्या प्रयोगशाळेत नेकनूरचे धर्मराज वीस वर्षे एकट्याने काम करीत होते. त्यांना मदतीला माणूस हवे होते. जूनपासून तंत्रज्ञाची एक जागा भरायची ठरली होती आणि त्या जागेसाठी अंजनाचे नाव त्यांनीच संचालक मंडळाकडे दिले होते.

राहायची सोय वत्सलाबाईंकडे झाली. वत्सलाबाई शहात्तर वर्षांच्या. त्यांचे यजमान आप्पाराव दूध संघाच्या शीतकरण केंद्राचे व्यवस्थापक होते, त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. बाई हैदराबादला नन्सच्या शाळेत शिकलेल्या. चौदाव्या वर्षी सिस्टरने हातात वही दिली, त्या दिवसापासून त्यांच्या रोजनिशीत एकही दिवस कोरा नव्हता. नवरा गेला त्या दिवसाच्या पानावरही दूधवाला किती वाजता आला हे लिहिलेले होते. त्यांनी अंजनाला भाडे सांगायच्या आधी एक वही दिली होती. "रोज लिही. मनातलं नको. घडलेलं लिही," एवढेच म्हणाल्या.

अंजनाच्या कामाचा विषय होता चारा छावणीतल्या बायांच्या रक्तातले कॅल्शियम. पालीजवळच्या माळावर सोसायटीची छावणी लागली होती. गाईम्हशींना तिथे दावण मिळे, शेळ्यामेंढ्यांना नाही. जनावरांबरोबर बायाही तिथेच उतरल्या होत्या, आणि जी ती गुडघे, कंबर, हाडे दुखतात असे सांगे. अंजनाने अडतीस जणींचे रक्त घेतले. त्यांत सव्विसावी साखराबाई होती. तिच्या दोन्ही गाई छावणीत होत्या आणि पदराखाली आठ महिन्यांचे मूल होते.

ही तपासणी तशी सोपी. रक्त गोठले की वरचा पिवळसर भाग वेगळा काढायचा, त्यात रसायन घालायचे. कॅल्शियम असेल तसा जांभळा रंग चढतो, आणि तो किती गडद आहे हे यंत्र मोजते. अडचण एकच, की कॅल्शियम नको तिथेही असते. बोअरच्या, म्हणजे टँकरच्याही, जड पाण्याने हंड्याला आतून पांढरा थर चढतो, तो तोच. नळीला त्याचा नखभर अंश राहिला तरी रंग वाढतो. म्हणून तर शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवायचे.

पण डिस्टिल्ड पाणी करायचे यंत्र जानेवारीपासून बंद होते. एक लिटर पाणी काढायला गार करण्यासाठी दहा-बारा लिटर पाणी नळातून वाहू द्यावे लागते, आणि बीडच्या नळांना त्या वर्षी ठिबकण्याइतकेही पाणी नव्हते. बाहेरून आणलेला डिस्टिल्ड पाण्याचा साठा रसायनांपुरताच होता. अंजनाने मग नळ्या साठवलेल्या टँकरच्या पाण्यात धुतल्या, घमेल्यात, आईने शिकवले तशा. शेवटी तांब्याभर डिस्टिल्ड पाणी दुसऱ्या घमेल्यात घेऊन त्यात चाळीसच्या चाळीस नळ्या बुडवून काढल्या. पहिल्या दोन नळ्यांनंतर ते पाणी डिस्टिल्ड उरले नव्हते. हे तिला परीक्षेत विचारले असते तर तिने झोपेतही सांगितले असते. हाताने मात्र विचारले नाही. आणि धर्मराज दारातून पाहून म्हणाले, "शाब्बास. ह्याला म्हनतात दुस्काळातली पोर."

अडतीस बायांचे आकडे चांगले आले. साखराबाईचाही चांगला आला. तिची बोटे अधूनमधून आखडत, तोंडाभोवती मुंग्या येत. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिला तपासले, कागद पाहिला आणि म्हणाले, कॅल्शियम व्यवस्थित आहे, अशक्तपणा असेल, आराम करा.

शनिवारी दुपारी अंजनाने सगळे आकडे विद्यापीठातल्या तिच्या मार्गदर्शक बाईंना फोनवर वाचून दाखवले. त्यांनी दोन-तीन आकडे पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाल्या, "अंजना, छावणीतल्या बायकांचं कॅल्शियम माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी रोज दोन वेळा दूध पिते. तू ब्लँक कशात लावतेस?"

ब्लँक म्हणजे रक्ताविना लावलेली कोरी नळी. तिच्यात फक्त पाणी आणि रसायन. रोज पहिली तीच लावायची, म्हणजे कुठे चूक असेल तर कळते. अंजना म्हणाली, "नव्या डब्यातली एक ट्यूब सरांनी ब्लँकसाठीच राखून ठेवली आहे."

"मग आज धुतलेल्या ट्यूबमध्ये लाव."

फोन ठेवून तिने लावली. घमेल्यातून निघालेली नळी घेतली, डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाकला, वर रसायन घातले. रक्ताचा कणही त्यात नव्हता. बघता बघता नळी जांभळी झाली. दुसरी लावली, तीही जांभळी. मग राखून ठेवलेली नवी नळी लावली. ती फिकी राहिली.

धर्मराज जेवणाचा डबा घासून आले तेव्हा तिन्ही नळ्या स्टँडवर होत्या.

"सर, ह्यात रक्त नाही. नुसतं पाणी आहे."

त्यांनी चष्मा वर केला, नळ्यांकडे पाहिले आणि कोपऱ्यातल्या घमेल्याकडे पाहिले. डबा हातातच राहिला. "अरारा," ते हळूच म्हणाले. मग दार लोटून घेतले. "रजिस्टरात काय लिवलंय?"

"ट्यूब धुतल्या, एवढंच."

"मग झालं तर. सोमवारी नव्या ट्यूबा मागवतो. अडतीस बाया हायेत, कुठं जातेत? म्हनायचं, विद्यापीठाला दुसऱ्यांदा रक्त पायजे. गुपचूप काम करू, आकडे बदलू."

"साखरा काकी उद्या जाणार आहे. मेंढरांना चारा नाही, धुळाजी तात्या सगळ्यांना घेऊन कालव्याकडं निघालेत. एकदा गेले की मिरगापर्यंत गाठ नाही."

"तिला डाक्टरनं आराम सांगितलाय न्हवं?"

"मेंढरांमागं कसला आराम, सर? तिला आराम सांगितला तो माझ्या आकड्यावर."

धर्मराज स्टुलावर बसले. "हे बघ अंजना. शाब्बास मी म्हनलो, ते मला याद हाय. पन तू तोंडानं चूक कबूल केली, की तुझा प्रकल्प गेला. सहा महिने गेले. आन जूनची जागा तुझ्यासाठी थांबनार न्हाई. मंडळात चार जन हायेत आपापली पोरं घेऊन बसलेले. उगं गवगवा कावून करती? जा, तिचं रक्त घेऊन ये, कारन सांगू नको."

अंजना घरी आली, हातपाय न धुताच टेबलाशी बसली, आणि वत्सलाबाईंनी ‘जेवली नाही’ असे लिहिले.

आता ती वही मिटून म्हणाली, "बाई, रोजनिशीत चुकीचं लिहिलं गेलं तर तुम्ही काय करता?"

"एक आडवी रेघ. फक्त एक. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी तारीख आणि सही. सिस्टर म्हणायच्या, गिरवून काळं केलंस तर दोन चुका झाल्या."

"आणि फार दिवसांनी कळलं तर?"

वत्सलाबाई उठल्या आणि कपाटातून १९७२ ची वही काढून आणली. एक पान उघडून पुढे सरकवले. पानावर निळ्या शाईत होते: ‘दूध भुकटीचा डबा मंजुळाबाईने नेला. तिला कामावरून काढले.’ त्यावर एक सरळ रेघ होती. शेजारी एकोणीस दिवसांनंतरची तारीख.

"डबा माझ्याच हातून तांदळाच्या कणगीमागं गेला होता," बाई म्हणाल्या. "सापडला त्या दिवशी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी सांगायला गेले. घराला कुलूप. सगळी माणसं खडी फोडायच्या कामावर गेली होती, कुठल्या रस्त्याला ते शेजाऱ्यांना माहीत नव्हतं. ती परत आलीच नाही." त्यांनी वही मिटली. "रेघ बरोबर मारलेली आहे. पण तिनं ती पाहिली नाही."

मग अंजनाने सगळे सांगितले. घमेले, चाळीस नळ्या, शाब्बास, साखराबाईची बोटे, जूनची जागा. शेवटी बाईंनी विचारले, "रक्त आणलंस तर तपासशील कशात? नळ्या तर सगळ्या तशाच."

"तेच. डिस्टिल्ड पाणी दोन भांडीसुद्धा नाही. उद्या रविवार, दुकानं बंद."

वत्सलाबाईंनी कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरकडे पाहिले. त्याच्यामागे पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन होता, निम्म्याहून अधिक भरलेला. "बॅटरीत घालायचं पाणी डिस्टिल्डच म्हणून देतात. चालेल का?"

"आधी कोऱ्या नळीत लावून बघावं लागेल."

"मग बघ. ने."

"पण तुमची बॅटरी, बाई? त्याच्यावर तुमचा पंखा..."

"कॅनचं झाकण नीट लाव. जीपमध्ये हिंदकळतो."

रविवारी सकाळी ती पहिल्या काळी-पिवळी जीपने पालीला गेली. कॅन वाटेत रुग्णालयात उतरवून ठेवला. धर्मराज येतील की नाही हे तिला ठाऊक नव्हते. फोन केला होता, त्यांनी फक्त ‘बघतो’ म्हटले होते.

धरणाचा तळ उन्हात भाजलेल्या मडक्यासारखा तडकला होता. छावणीच्या पलीकडे धुळाजीची मेंढरे गोळा झाली होती. घोडीवर बिऱ्हाड लादून झाले होते, वर बांधलेल्या टोपलीत दोन कोंबड्या. खंडोबाचा वार म्हणून आजच निघायचे ठरले होते. साखराबाई मुलाला पाजत दगडावर बसली होती.

"आली का आमची डाक्टरच्या आदीची," ती म्हणाली. "वाटंला लावाया आली?"

"काकी, रक्त घ्यायचं हाय. पुन्हा एकदा."

धुळाजी घोडीचा कासरा आवळत होता. तो वळला. "कावून?"

सांगायला सोपे असे उत्तर तिच्या ओठावर होते, धर्मराजांनी दिलेले. विद्यापीठाला पाहिजे. ती एवढेच म्हणाली असती तर काय झाले असते, हे सांगता येत नाही.

"आदीचं चुकलं, तात्या. कॅल्शियम ठीक हाय म्हनून सांगितलं, ते खरं न्हवतं."

"आदी ठीक म्हनती, आता न्हाई म्हनती. तुझं यंत्र हाय का देवरशी?"

"यंत्र बरुबर हाय. मी ट्यूबा नीट धुतल्या न्हाईत. एकाच घमेल्यात धुतल्या, चाळीस."

भोवती जमलेल्या बायांपैकी एक म्हणाली, "चाळीस एकाच घमेल्यात? मग चुकलं काय गं पोरी? आमी बी तसंच धुतो."

"म्हनूनच चुकलं," अंजना म्हणाली. "हे पानी आपल्या हंड्याला पांढरं धरतं न्हवं, तेच ट्यूबला धरलं. मी काकीचं रक्त मोजलंच न्हाई. टँकरचं पानी मोजलं."

धुळाजीने कासऱ्याची गाठ मारली. "पानी राखलं म्हनून चूक," तो म्हणाला. "हे बी बघायचं व्हतं. वेळ न्हाई अंजे. ऊन चढंल तसं मेंढरू चालत न्हाई. मिरगाला आलो की घे, कितीबी घे."

साखराबाईने मूल शेजारणीकडे दिले आणि हात पुढे केला. "घेऊ द्या हो. घोडी तोवर पाला खाईल."

अंजनाने दंडाला रबरी पट्टा बांधला. शीर सापडेना. बाई अंगाने पार सुकली होती. पट्टा तसाच राहिला, मिनिट गेले, दुसरे गेले. आणि साखराबाईचा हात आपोआप वळू लागला. मनगट आत वाकले, बोटे ताठ होऊन एकमेकींना चिकटली, अंगठा तळव्यात शिरला. साखराबाईने दुसऱ्या हाताने बोटे सोडवायचा प्रयत्न केला, सुटेनात.

अंजनाने पुस्तकात हे चित्र पाहिले होते. तिने शीर धरली, रक्त घेतले, पट्टा सोडला. हात हळूहळू सैल झाला.

धुळाजी जवळ येऊन उकिडवा बसला. त्याने तो हात उलटसुलट करून पाहिला. "गेल्या साली कपिली व्याली," तो म्हणाला. "दूध लई. तिसऱ्या दिशी बसली, मान वळवून पडली, पाय असेच ताठ. डाक्टरनं शिरंत बाटली लावली. तासाभरात उभी. त्या बाटलीत काय व्हतं गं?"

"कॅल्शियम, तात्या."

"हिचं तेच कमी हाय?"

"मला तसं वाटतंय. पन आता वाटून न्हाई सांगायची. मोजून सांगते."

तो उठला. घोडीवरचे गाठोडे सोडून त्यातले बाळाचे दुपटे काढले आणि साखराबाईच्या हातात दिले. "मी मेंढरं घेऊन मांजरसुंब्याच्या अलीकडं थांबतो. दोन दीस. जास्त न्हाई जमायचं." मग अंजनाकडे न बघता म्हणाला, "गाईचं ध्यानात आलं, बाईचं न्हाई आलं आमच्या."

साडेअकराला त्या बीडला पोचल्या तेव्हा प्रयोगशाळेचे कुलूप उघडे होते. धर्मराज नेकनूरहून मोटरसायकलवर आले होते. कॅन त्यांनी टेबलावर घेऊन ठेवला होता. अंजनाने बारा नळ्या घेतल्या. एका नळीत कॅनमधले पाणी घालायचे, हलवायचे, ओतून टाकायचे. पुन्हा घालायचे, पुन्हा ओतायचे, असे तीनदा. पाचव्या नळीला तिचा हात थबकला. बाहेर रुग्णालयाच्या आवारात टँकरसाठी लावलेल्या हंड्यांची रांग खिडकीतून दिसत होती. धर्मराजांनी खाली बादली सरकवली. "हितं वत. फरशीला चालंल. ट्यूबला न्हाई." तिने ओतले.

कोरी नळी लावली. दोघे वाकून पाहत होते. ती फिकी राहिली.

साखराबाईचा आकडा सहा पूर्णांक तीन आला. साडेआठाच्या खाली नसावा असा. तिने दुसऱ्या नळीत पुन्हा लावला, पुन्हा तोच. डॉक्टरांनी साखराबाईला आत घेतले आणि शिरेतून औषध सुरू केले, हळूहळू, छातीला स्टेथोस्कोप लावून. तीन वाजता ती म्हणाली की तोंडाच्या मुंग्या गेल्या.

"आधीचा रिपोर्ट नॉर्मल कसा होता?" डॉक्टरांनी विचारले.

अंजनाने सांगितले. त्यांनी जुना कागद पुढे केला. तिने आकड्यावर एक आडवी रेघ मारली, शेजारी तारीख घातली, सही केली. मग प्रयोगशाळेत येऊन रजिस्टर उघडले आणि अडतीस आकड्यांवर अडतीस रेघा मारल्या. समासात लिहिले: ‘नळ्या एकाच पाण्यात धुतल्यामुळे हे आकडे अग्राह्य.’ धर्मराज मागे उभे होते. त्यांनी तिच्या हातातले पेन घेतले आणि खाली लिहिले: ‘अशा धुण्यास माझी संमती होती.’ आणि पूर्ण नाव.

विद्यापीठातल्या बाईंनी फोनवर रागावून काही म्हटले नाही. सगळे काम पहिल्यापासून करावे लागेल, या वर्षी परीक्षा नाही, असे सांगितले. झालेही तसेच. पुढच्या तीन आठवड्यांत अंजना उरलेल्या सदतीस जणींकडे जाऊन चुकीचे का आले ते प्रत्येकीला सांगून आली. आणखी चौघींचे कॅल्शियम कमी निघाले. जूनची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. तिला नोकरी लागली ती दीड वर्षाने, आणि बीडला नाही. पण त्या रविवारी यातले काहीच कळलेले नव्हते. फक्त साखराबाई वॉर्डात मुलाला कुशीत घेऊन झोपली होती आणि तिची बोटे उघडी होती.

अंजना सहाला घरी आली. रिकामा कॅन तिने धुऊन, पालथा घालून जागेवर ठेवला. त्या संध्याकाळी दोघी जेवल्या, मग टेबलाशी बसल्या. अंजनाने बावीस मार्चचे पान काढले, ‘शाब्बास’वर नव्हे, ‘धुतल्या’ या शब्दावर एक रेघ मारली आणि आजच्या पानावर त्याचे कारण लिहायला घेतले. ते लांबत गेले. वत्सलाबाईंचे लवकर आटोपले. टँकर आला नाही, उकाडा फार, अंजना सहाला आली, दोन भाकऱ्या खाल्ल्या, असे त्यांनी लिहिले. आणि शेवटी:

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचे राहिले. कॅन रिकामा.